नॅनोमटेरियलवाले इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर: परत परत विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न तीन प्रकारच्या लोकांकडून येत राहतात: एमएस्सीच्या प्रोजेक्टला बसलेली मुलं, पीएचडीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातले, आणि घरी शुगर तपासणारी मंडळी. सोपे वर आहेत, डोकं खाणारे खाली. घरी शुगर तपासणाऱ्यांनी १, २, १३ आणि १४ वाचले तरी भागेल.

१. इलेक्ट्रोकेमिकल बायोसेन्सर म्हणजे नेमकं काय असतं? साध्या भाषेत सांगा ना.

रक्त, लघवी, लाळ असल्या नमुन्यात एखादा ठरावीक रेणू किती आहे ते विजेच्या मापात सांगणारी वस्तू. त्यात एक भाग ओळखणारा असतो (एन्झाइम, अँटिबॉडी, ॲप्टामर म्हणजे डीएनएचा घडी पडणारा तुकडा) आणि दुसरा मोजणारा, म्हणजे इलेक्ट्रोड. ओळखणाऱ्याने आपला रेणू पकडला की इलेक्ट्रोडपाशी करंट बदलतो नाहीतर रेझिस्टन्स बदलतो आणि आपण तो बदल वाचतो. नॅनोमटेरियल हा या दोघांच्या मधला थर. तो नसला तरी सेन्सर चालू शकतो, हे आधीच सांगून ठेवतो कारण पुढचे निम्मे गोंधळ इथूनच सुरू होतात.

२. घरातलं ग्लुकोमीटर याच जातीचं का? त्यात नॅनो असतं का?

हो, आजचे जवळपास सगळे ग्लुकोमीटर याच जातीचे. १९६२ मधे अमेरिकेत सिनसिनाटीला लेलँड क्लार्क आणि लायन्स यांनी ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवायची कल्पना मांडली, तिथून ही गोष्ट सुरू होते. १९८४ ला फेरोसीन हा मध्यस्थ रेणू (एन्झाइमकडून इलेक्ट्रोडकडे इलेक्ट्रॉन नेणारा) वापरून ऑक्सिजनवरचं अवलंबित्व कमी केलं गेलं आणि १९८७ ला पेनच्या आकाराचं मीटर बाजारात आलं. स्ट्रिपवर छापलेली कार्बनची शाई नाहीतर सोन्यासारख्या धातूचा पातळ थर, त्यावर एन्झाइम, त्यात मध्यस्थ, एवढाच संसार. जगातला सगळ्यात जास्त खपलेला बायोसेन्सर मुळात नॅनोशिवाय उभा राहिला, हे प्रोजेक्ट निवडताना लक्षात असू द्या.

३. तीन इलेक्ट्रोड कशाला लागतात? दोन तारांत काम होत नाही का?

वर्किंगवर आपली रिॲक्शन होते, काउंटर करंटचा हिशोब पुरा करतो, आणि रेफरन्स गप्प बसून व्होल्टेज कुठून मोजायचं ते ठरवतो. रेफरन्समधून करंट गेला तर तोच सरकतो, म्हणून तिसरा. करंट अगदी कमी असेल तर दोघांत भागवता येतं.

एक गंमत मात्र बऱ्याच जणांना माहीत नसते. छापील स्ट्रिपवरचा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड रेफरन्स उघडा असतो, त्याला स्वतःचं भरलेलं द्रावण नसतं, त्यामुळे नमुन्यातलं क्लोराइड दहापट कमी झालं की तो साधारण ५९ मिलिव्होल्ट सरकतो. पीबीएसमधून (शरीराइतक्या मिठाच्या बफरमधून) कमी मिठाच्या बफरमधे गेलात आणि पीक (करंटच्या आलेखातलं शिखर) सरकलेलं दिसलं तर ते तुमच्या नव्या मटेरियलचं कर्तृत्व नाही, क्लोराइडचं आहे.

४. नॅनोमटेरियल लावल्याने नक्की काय सुधारतं?

तीन गोष्टी खऱ्या आहेत. एक, तेवढ्याच जागेत पृष्ठभाग वाढतो म्हणून जास्त अँटिबॉडी किंवा एन्झाइम बसतं. दोन, काही रिॲक्शन कमी व्होल्टेजला होतात, उदाहरणार्थ हायड्रोजन पेरॉक्साइड प्लॅटिनमवर मोजायला ०.६ ते ०.७ व्होल्ट लागतात पण प्रशियन ब्लूवर शून्याच्या आसपास काम होतं, आणि व्होल्टेज कमी म्हणजे व्हिटॅमिन सी वगैरेंची लुडबूड कमी. तीन, सोन्याच्या कणांवर थायॉल (गंधकवाला गट) सहज चिकटतं, म्हणजे रेणू बांधायला खुंटी मिळते.

पण पृष्ठभाग वाढला की नुसता सिग्नल वाढत नाही, बॅकग्राउंडचा कपॅसिटिव्ह करंटही (पृष्ठभाग नुसता चार्ज होण्याचा) त्याच हिशोबाने वाढतो. सिग्नल पाचपट आणि नॉइजही पाचपट झाला तर हाती काय आलं? शिवाय भोकाभोकांच्या जाड थरात द्रावण अडकून राहतं आणि त्या पातळ थरातल्या डिफ्युजनमुळेसुद्धा पीक सरकतं, टोकदार होतं, ते बघून लोक आनंदाने 'कॅटॅलिसिस' लिहून मोकळे होतात.

५. ग्राफीन, नॅनोट्यूब, सोनं, एमक्झीन यातलं कोणतं घेऊ?

रेणू कोणता आणि तो कसा बांधणार हे ठरलं की मटेरियल आपोआप ठरतं, उलटं जाऊ नका. थायॉल लावलेला डीएनए किंवा ॲप्टामर असेल तर सोनं, विचारच नको. पेरॉक्साइड मोजायचं असेल तर प्रशियन ब्लू नाहीतर प्लॅटिनमचे कण. डोपामिनसारखा स्वतःच ऑक्सिडाइज होणारा रेणू असेल तर कार्बनची मंडळी (प्रश्न १० पण वाचा). एमक्झीन (धातूच्या कार्बाइडचे पातळ पापुद्रे) २०११ मधे ड्रेक्सेल विद्यापीठातून आलं, वाहकता झकास, पण टायटॅनियम कार्बाइडवालं पाण्यात आणि हवेत हळूहळू ऑक्सिडाइज होतं, तेव्हा आज बनवलं आणि पुढच्या महिन्यात वापरलं असं करू नका. ग्राफीन म्हणून बाटलीत जे येतं ते बऱ्याचदा रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइड असतं, त्यात ऑक्सिजनवाले गट उरलेले असतात, आणि खरं सांगायचं तर रेणू बांधायला तेच उपयोगी पडतात.

६. सीव्ही, डीपीव्ही, ईआयएस, अँपेरोमेट्री, कधी काय वापरायचं?

सीव्ही (व्होल्टेज पुढे-मागे फिरवून करंट बघणं) ओळख करून घ्यायला, इलेक्ट्रोड धड आहे का बघायला. ५ मिलिमोलर फेरी-फेरोसायनाइडमधे दोन पीकमधलं अंतर आदर्श ५९ मिलिव्होल्ट, रोजच्या कामात ७० ते ९० आलं तरी चांगलं, २०० आलं तर आधी पॉलिश करा. कॅलिब्रेशनला डीपीव्ही किंवा स्क्वेअर वेव्ह (व्होल्टेज छोट्या झटक्यांत देऊन मोजणं), कारण त्यात कपॅसिटिव्ह करंट बराचसा गळतो. सतत मोजायचं असेल, ग्लुकोजसारखं, तर अँपेरोमेट्री (व्होल्टेज ठरावीक ठेवून करंट बघत राहणं). अँटिबॉडीला लेबल लावायचं नसेल तर ईआयएस (छोटं एसी व्होल्टेज देऊन रेझिस्टन्स मोजणं), फक्त एक लक्षात घ्या, इलेक्ट्रोडवर प्रोटीन बसलं की फेरोसायनाइडची वाट अडते आणि रेझिस्टन्स वाढतो, पण ते प्रोटीन तुमचंच आहे की वाटेवरचं कुठलंही, हे ईआयएसला कळत नाही. म्हणून अँटिबॉडीशिवायचा कंट्रोल इलेक्ट्रोड दाखवल्याशिवाय ईआयएसचा आलेख कुणाला दाखवू नका.

७. एकाच दिवशी बनवलेले माझे दोन इलेक्ट्रोड एकसारखे का येत नाहीत?

जवळजवळ नेहमी ड्रॉप कास्टिंगमुळे. ३ मिलिमीटरच्या ग्लासी कार्बनवर ५ मायक्रोलिटरचा थेंब टाकून दिव्याखाली वाळवला की कण थेंबाच्या कडेला गोळा होतात, बशीवर वाळलेल्या चहाचा डाग कडेला गडद असतो ना, अगदी तसं. मधे जवळपास उघडा कार्बन आणि कडेला जाड वेटोळं, दर वेळी वेगळं. भिंगाखाली बघा, डोळ्यांना दिसतं.

उपाय फार भारी नाहीत. पॉलिश करताना ॲल्युमिना १ मायक्रॉन, मग ०.३, मग ०.०५, दर वेळी वेगळं पॅड, हात इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवायचा, आणि मधे पाण्यात सोनिकेट करून (अल्ट्रासाउंडने हलवून) अडकलेली पूड काढायची, कारण ती उरली तर ॲल्युमिनासुद्धा रिझल्ट बिघडवते. डिस्पर्शन वापरायच्या आधी परत सोनिकेट करा, बाटलीच्या तळाशी गाळ बसलेला असताना वरचं पाणी घेऊन 'नॅनोट्यूब लावल्या' म्हणायचं नाही. वाळवण हळू, झाकून. जमत असेल तर सोन्याचे कण थेंबाने टाकण्याऐवजी इलेक्ट्रोडवरच विजेने बसवा, वेळ आणि व्होल्टेज ठरवता येतं म्हणून पुनरावृत्ती कितीतरी बरी येते. पावसाळ्यात एसी बंद असलेल्या खोलीत वाळवलेल्या आणि मे महिन्यात वाळवलेल्या थरात फरक पडतो, तेव्हा वहीत आर्द्रता लिहायची सवय लावा.

८. अँटिबॉडी चिकटवतो, पण सिग्नल येत नाही. काय चुकतंय?

ईडीसी-एनएचएस (अँटिबॉडी पक्की बांधायची रसायनं) करत असाल तर आधी बफर बघा. ट्रिस किंवा ग्लायसिनमधे केलं तर त्यांचेच अमाइन गट सगळा ईडीसी-एनएचएस खाऊन टाकतात, तिथेच घोडं पेंड खातं. ॲक्टिव्हेशन एमईएस बफरमधे, पीएच ५ ते ६ च्या आसपास, आणि ताजं पावडर, कारण ईडीसी ओलावा लागला की मरतं. अँटिबॉडीच्या बाटलीत सोडियम ॲझाइड किंवा बीएसए (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) घातलेलं नाही ना हेही लेबलवर वाचा, बीएसए असेल तर तुम्ही मनापासून बीएसएच चिकटवताय. शेवटी ब्लॉकिंग विसरू नका. सोन्यावर डीएनए लावत असाल तर मर्कॅप्टोहेक्सॅनॉलने मोकळ्या जागा भरायच्या, म्हणजे आडवे पडलेले डीएनए उभे राहतात.

९. एन्झाइमशिवाय ग्लुकोज सेन्सर एवढे छापून येतात, मग दुकानात का मिळत नाहीत?

निकेल हायड्रॉक्साइड नाहीतर कॉपर ऑक्साइडच्या नॅनोफुलांवर ग्लुकोज ऑक्सिडाइज होतो हे अगदी खरं, पण कुठे, तर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमधे, म्हणजे पीएच १३. रक्ताचा पीएच ७.४. त्या पीएचला या धातूंचं चक्र चालतच नाही. रक्ताच्या थेंबात आधी कॉस्टिक मिसळा मग मोजा असं कुठला पेशंट करणार? वर फ्रुक्टोज, माल्टोज सगळ्यांनाच हे मटेरियल जवळ करतं. अन्नपदार्थात किंवा फर्मेंटरमधे एकूण साखर मोजायची असेल तर ठीक आहे. 'मधुमेहींसाठी' असं पहिल्या ओळीत लिहून आत कॉस्टिकमधे मोजलेलं दिसलं की नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा.

१०. डोपामिनचं पीक आणि व्हिटॅमिन सीचं पीक एकमेकांवर बसतं, वेगळं कसं करू?

साध्या कार्बनवर डोपामिन, ॲस्कॉर्बिक ॲसिड (म्हणजे व्हिटॅमिन सी) आणि यूरिक ॲसिड जवळजवळ एकाच व्होल्टेजला ऑक्सिडाइज होतात. पीएच ७.४ ला डोपामिनवर धन भार असतो, बाकीच्या दोघांवर ऋण, म्हणून नॅफिऑनचा पातळ ऋणभारित थर लावला की ते दोघं बाहेर थांबतात. ग्राफीनच्या कडा आणि ऑक्सिजनवाले गटही पीक थोडी लांब सारतात.

मुद्दा वेगळाच आहे. रक्तात व्हिटॅमिन सी साधारण ५० मायक्रोमोलर, यूरिक ॲसिड ३०० च्या आसपास, आणि मेंदूतल्या पेशींबाहेर डोपामिन दहा-वीस नॅनोमोलरच्या घरात. म्हणजे अडथळा हजारोपट जास्त. तुम्ही तिन्ही ५०-५० मायक्रोमोलर घेऊन तीन सुंदर पीक दाखवले तर फोटो चांगला येतो, उपयोग शून्य. खऱ्या प्रमाणात मिसळून दाखवा.

११. पेपरमधे फेम्टोमोलर, ॲटोमोलर एलओडी (ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण) असते. माझी नॅनोमोलरच येते, गाइड ओरडतात. काय करू?

आधी हिशोब करा. १ फेम्टोमोलर द्रावणाच्या ५ मायक्रोलिटर थेंबात साधारण ३००० रेणू असतात. १ ॲटोमोलर असेल तर ३. तीन रेणूंवरून तुम्ही सरळ रेषेचं कॅलिब्रेशन काढलंत? बरं, ते रेणू इलेक्ट्रोडपर्यंत पोचायलाही हवेत. अँटिबॉडीएवढं प्रोटीन न ढवळलेल्या पाण्यात १ मिलिमीटर अंतर नुसत्या डिफ्युजनने कापायला अडीच-तीन तास घेतं आणि तुमचं इन्क्युबेशन असतं ३० मिनिटं.

हे आकडे येतात कुठून, तर बहुतेक वेळा ब्लँकच्या (आपला रेणू नसलेल्या नमुन्याच्या) स्टँडर्ड डेव्हिएशनला ३ ने गुणून स्लोपने भागताना. ब्लँक एकाच इलेक्ट्रोडवर लागोपाठ वाचला की डेव्हिएशन नगण्य येतं आणि एलओडी पाताळात जाते. वेगवेगळ्या इलेक्ट्रोडवर ब्लँक घ्या, आकडा एकदम माणसात येतो. लॉग स्केलवरच्या रेषेच्या स्लोपने सरळ भागणं तर त्याहून वाईट, एककच जुळत नाही.

गाइडना विचारा की गरज किती आहे. ग्लुकोज मिलिमोलरमधे असतो, तिथे पिकोमोलर एलओडी घेऊन काय लोणचं घालायचंय? पीएसएसाठी (प्रोस्टेट कॅन्सरची खूण) जुना कटऑफ ४ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर. हाय-सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन टी (हार्ट अटॅकची खूण) मात्र १४ नॅनोग्रॅम प्रति लिटरला पकडावा लागतो, तिथे खरोखर झगडावं लागतं. ज्या रेंजमधे डॉक्टरचा निर्णय बदलतो तिथे तुमचा सेन्सर दोन जवळचे आकडे वेगळे सांगतो का, हे माझ्या मते एलओडीपेक्षा दहापट महत्त्वाचं आहे.

१२. बफरमधे मस्त चालतं, सीरममधे टाकलं की सिग्नल मरतो. का?

सीरममधे एकट्या अल्ब्युमिनचंच प्रमाण ३५ ते ५० ग्रॅम प्रति लिटर असतं. ते पहिल्या काही मिनिटांतच इलेक्ट्रोडवर चादर टाकतं, आणि नॅनोमटेरियलचा जो जास्तीचा पृष्ठभाग तुम्ही कौतुकाने वाढवला तो या चादरीलाही तेवढाच मिळतो. पीईजी, झ्विटरआयॉनिक थर, नॅफिऑन, बीएसएचं जाळं असे उपाय आहेत, प्रत्येकाने थोडा सिग्नल जातो. सीरम शंभरपट पातळ करून 'रिअल सॅम्पल' लिहिणं ही पळवाट सगळ्यांना माहीत आहे, निदान किती पातळ केलं ते ठळक लिहा, आणि जमलं तर एलायझाशी (लॅबमधली नेहमीची अँटिबॉडी चाचणी) तुलना द्या.

मेथिलीन ब्लू (करंट देणारा रंग) लावलेले ॲप्टामर इथे वेगळे ठरतात. त्यात सिग्नल रेणूची घडी बदलण्यातून येतो, नुसतं काहीतरी चिकटण्यातून नाही, म्हणून ते अख्ख्या रक्तातसुद्धा चालतात आणि जिवंत उंदरांच्या शिरेत औषधाची पातळी सलग मोजायलाही वापरलेत.

१३. वडिलांना शुगर आहे. औषधांमुळे मीटर चुकतं का?

काही वेळा हो. दंडावर लावायच्या ज्या सेन्सरमधे पेरॉक्साइड (एन्झाइमने ग्लुकोजपासून बनवलेलं) मोजतात त्यांच्या जुन्या पिढ्यांमधे पॅरासिटामॉल घेतल्यावर आकडा खोटा वाढायचा, काही दुसऱ्या सेन्सरवर व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसने वाढतो, त्याची सूचना माहितीपत्रकात असते, ती वाचाच. ॲनिमिया असेल तर बोटातल्या थेंबावरही परिणाम होतो, हिमॅटोक्रिट (रक्तातला लाल पेशींचा वाटा) कमी म्हणजे बऱ्याच स्ट्रिप आकडा जास्त दाखवतात.

सगळ्यात धोक्याचा अपवाद पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांचा. त्या द्रवात आयकोडेक्स्ट्रिन असेल तर शरीरात माल्टोज तयार होतो आणि पीक्यूक्यू-जीडीएच एन्झाइमच्या स्ट्रिप त्याला ग्लुकोज समजतात. शुगर खरी कमी असताना मीटर जास्त दाखवतं आणि माणूस इन्सुलिन घेतो. २००९ मधे अमेरिकेच्या एफडीएने यावर इशारा दिला होता. घरात असा पेशंट असेल तर स्ट्रिपमधे कुठलं एन्झाइम आहे ते डॉक्टरांना दाखवूनच वापरा.

बाकी ५-१० चा फरक बघून घाबरू नका. आयएसओ १५१९७:२०१३ प्रमाणे १०० च्या वर १५ टक्के आणि १०० च्या खाली १५ मिलिग्रॅम इकडेतिकडे चालतं, तेही १०० पैकी ९५ वेळा.

१४. सुई न टोचता शुगर सांगणारं घड्याळ घेऊ का?

नको. एफडीएने फेब्रुवारी २०२४ मधे सरळ सांगितलं की त्वचेला न टोचता स्वतः शुगर मोजणारं एकही घड्याळ किंवा अंगठी त्यांनी मंजूर केलेली नाही. घामातला ग्लुकोज रक्ताच्या कितीतरी पट कमी असतो, घाम किती सुटला त्यावर बदलतो, त्वचेवरच्या खाण्याच्या अंशानेही बिघडतो. घामाचे नॅनो-पॅच प्रयोगशाळेत चांगले दिसतात, पण त्यावर इन्सुलिनचा डोस ठरवायचा नाही.

१५. नॅनोट्यूबवर ग्लुकोज ऑक्सिडेज लावल्यावर -०.४५ व्होल्टला छान पीक येतं. डायरेक्ट इलेक्ट्रॉन ट्रान्सफर लिहू का?

थांबा. तसं लिहिणं म्हणजे एन्झाइम मध्यस्थाशिवाय इलेक्ट्रॉन थेट इलेक्ट्रोडला देतं असा दावा. ते पीक एफएडीचं (एन्झाइममधला इलेक्ट्रॉन देणारा-घेणारा भाग) आहे हे खरं, पण एफएडी एन्झाइमच्या पोटात खोल बसलेला असतो, आणि एन्झाइम उलगडून सुटा झालेला एफएडी कार्बनवर चिकटला तरी तिथेच पीक देतो. कसोटी सोपी आहे: द्रावणात नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ऑक्सिजन पूर्ण घालवा, मग ग्लुकोज घाला. त्याच व्होल्टेजला ऑक्सिडेशनचा करंट चढला तर बोलू. हवेत ग्लुकोज घातल्यावर रिडक्शन पीक कमी होतं ते फक्त ऑक्सिजन संपल्याचं लक्षण. २०१८ मधे बार्टलेट आणि अल-लोलागे यांनी हे सगळं साहित्य तपासून नैसर्गिक एन्झाइमबाबत या दाव्यांना पुरावा नाही असं लिहिलं, तरी लोकांचं आपलं ये रे माझ्या मागल्या.

१६. कॅटॅलिसिस नॅनोट्यूबचं की त्यातल्या लोखंडाचं?

बरोबर शंका आहे. नॅनोट्यूब वाढवायला लोखंड, निकेल, कोबाल्टचे कण वापरतात आणि ॲसिडने धुऊनही ते थोडे उरतात. २००६ मधे बँक्स आणि कॉम्प्टन यांनी दाखवलं की काही रेणूंसाठी सगळी करामत त्या अशुद्धीचीच होती. आणि २०२० मधे पुमेरांच्या ग्रुपने ग्राफीनमधे चक्क पक्ष्यांची विष्ठा घालून ते साध्या ग्राफीनपेक्षा जास्त कॅटॅलिटिक होतं असं छापून आणलं, 'काहीही डोप करा, सुधारणा' या फॅशनची खिल्ली उडवायला. आयसीपी (धातूंचं प्रमाण मोजायची चाचणी) करून धातू किती उरलाय ते बघा आणि नुसत्या तेवढ्या धातूचा कंट्रोल चालवा.

१७. गवती चहा, तुळस वापरून सोन्याचे कण बनवले तर सेन्सरला चालतील का?

पुण्याच्या एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्रींच्या ग्रुपने २००४ मधे गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण बनवले होते, तेव्हा गंमत म्हणून नाही, नीट विज्ञान म्हणून याला आपल्याकडे जुनं मूळ आहे. सेन्सरच्या बाजूने अडचण अशी की अर्कातली पॉलिफेनॉल कणांवर बसून राहतात, ती स्वतःच ऑक्सिडाइज होतात आणि थायॉलला जागा देत नाहीत. पानांची बॅच बदलली की कण बदलतात. सुरुवात सायट्रेटच्या कणांनी करा, वाइनसारखा लाल रंग आणि ५२० नॅनोमीटरजवळ प्रकाश शोषल्याचं पीक आलं की गाडी रुळावर, मग तुळशीकडे वळा.

१८. ग्राफीन ट्रान्झिस्टरवर अँटिबॉडी लावली, पातळ बफरमधे सिग्नल, पीबीएसमधे काहीच नाही. का?

डिबाय लांबी. शरीराइतक्या मिठाच्या द्रावणात भाराचा प्रभाव जेमतेम ०.७ नॅनोमीटरपर्यंत पोचतो आणि अँटिबॉडीच १० नॅनोमीटरच्या पुढची, म्हणजे पकडलेला रेणू ट्रान्झिस्टरला दिसतच नाही. लहान ॲप्टामर किंवा अँटिबॉडीचा तुकडा वापरा, नाहीतर पकडून झाल्यावर पातळ बफरने धुऊन मोजा. डीपीव्हीत करंट रेडॉक्स रेणूमुळे येतो म्हणून तिथे ही भानगड याच रूपात येत नाही.

१९. पोटेन्शिओस्टॅट (व्होल्टेज देऊन करंट मोजणारं यंत्र) परवडत नाही, कॉलेजमधे काय करू?

चीपस्टॅट नावाचं ओपन सोर्स डिझाइन २०११ मधे ८० डॉलरच्या आत बनवून दाखवलं होतं, सर्किट आणि कोड खुला आहे, इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना सोबत घेतलं तर जमतं. सीव्ही आणि स्क्वेअर वेव्ह होतं, ईआयएस नाही. आधी तयार रेझिस्टर लावून ओहमचा नियम बरोबर येतो का तपासा, पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्याला अर्थिंग देऊन त्यात सेल ठेवला तर ५० हर्ट्झची गुणगुण बरीच जाते.

२०. वापरलेलं फेरोसायनाइड बेसिनमधे ओतलं तर चालेल का?

नाही. आणि ॲसिडच्या वेस्टच्या बाटलीत तर अजिबात नाही, तीव्र ॲसिडमधे त्यातून हायड्रोजन सायनाइड सुटू शकतो. वेगळी बाटली, लेबल, झाकण घट्ट, उन्हापासून लांब.